नडगीचे दुखणे : लांब पल्ल्याच्या धावण्याचा एक दुर्लक्षित इतिहास

थ्रेड.

पहाटे पाचच्या सुमारास शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिले, तर उसाच्या ट्रॉल्यांच्या आधी मुले-मुली दिसतात. कोणी अकॅडमीच्या टी-शर्टात, कोणी शाळेच्या जुन्या पँटीत, कोणी अनवाणी. हेच दृश्य भीमेपलीकडे दौंड, पाटस, कुरकुंभच्या बाजूला दिसते. भरतीची तयारी चालू असते. या धावणाऱ्यांपैकी दोन-तीन जण हमखास लंगडत असतात. विचारले तर उत्तर ठरलेले : काही नाही, नडगी भरून आलीय, धावता धावता मोकळी होईल.

या ‘काही नाही’ला इतिहास आहे. लढायांच्या, तहांच्या आणि राजधान्यांच्या इतिहासात तो सापडत नाही, कारण किरकोळ दुखऱ्या पायाची नोंद ठेवण्याची गरज फार काळ कोणाला वाटली नव्हती. ज्या दिवशी ती वाटली, त्या दिवशीही ती रुग्णाच्या काळजीपोटी वाटली नव्हती.

आधी दुखणे समजून घेऊ. गुडघ्याखालचे पुढचे लांब हाड म्हणजे नडगी. धावण्याचे अंतर एकदम वाढले, जमीन कठीण असली, बूट झिजलेले असले, की नडगीच्या आतल्या कडेला, बहुतेक खालच्या भागात, बोटभर लांबीच्या पट्ट्यात ठणका सुरू होतो. सुरुवातीला तो धावण्याच्या आरंभी जाणवतो आणि अंग तापले की विरतो. म्हणूनच तो फसवा. पुढे तो धावणे संपल्यावरही राहतो. आणखी पुढे, कधी कधी, तो पट्टा सोडून एका ठिकाणी गोळा होतो. तिथे बोट ठेवले तरी माणूस कळवळतो. हाडाला सूक्ष्म चीर गेल्याची ही खूण असू शकते. पहिल्या अवस्थेतून शेवटच्या अवस्थेकडे जाण्यास काही आठवडे पुरतात. डांबरी रस्त्याच्या कडेने रोज एकाच बाजूने धावणाऱ्यास आणखी एक अडचण असते : रस्ता पाणी वाहून जाण्यासाठी मध्ये उंच आणि कडेला उतरता बांधलेला असतो, त्यामुळे एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो.

आता मागे जाऊ.

मराठी मुलखात लांब पल्ला पायांनी कापणे हा शतकानुशतके एक व्यवसाय होता. पेशवाईच्या पत्रव्यवहारात ‘जासूद जोडी’ हा शब्दप्रयोग वारंवार भेटतो. पत्र घेऊन जाणारे जासूद किंवा कासीद बहुधा जोडीने रवाना होत. भाड्याने ठरवलेल्यांना ‘अजुरा’ मिळे, म्हणून ते अजुरदार. जोडीचे प्रयोजन उघड आहे : वाटेत एकाला ताप आला, पाय मुरगळला, चोरांनी गाठले, तरी पत्र पोहोचले पाहिजे. पुढे कंपनी सरकारच्या टपालात हरकारे आले. त्यांनी अंतर टप्प्यांत वाटून घेतले. एक हरकारा आपल्या टप्प्यापुरता धावे आणि थैली पुढच्याच्या खांद्यावर देई. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे पाय दुखणार आहे. व्यवस्थेने ते दुखणे मोजून, त्यासाठी आधीच जागा करून ठेवली आहे.

याहून ठळक उदाहरण दौंड तालुक्यातूनच दरवर्षी जाते. देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरनंतर यवत आणि वरवंड येथे मुक्काम करून उंडवडीकडे, बारामतीच्या बाजूला वळते. वारी ही शर्यत नव्हे, हे खरे. तरीही हजारो माणसे, त्यांतली कित्येक साठी ओलांडलेली, तीन आठवड्यांच्या आत सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात, ही शारीरिकदृष्ट्या लहान गोष्ट नाही. ही माणसे पोहोचतात कशी? ठरलेला मुक्काम, ठरलेला विसावा, आणि कोणत्याही दिवशी झेपेल इतकेच अंतर. वाटेवरच्या गावांत वारकऱ्यांच्या पायांना तेल लावणारे, चपला फुकट शिवून देणारे लोक बसलेले असतात. ज्याचा पाय अगदीच चालेना, तो दिंडीच्या ट्रकमध्ये बसतो. त्याची वारी मोडली असे कोणी म्हणत नाही. ‘विसावा’ हा शब्द वेळापत्रकात छापलेला असतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे ती लागणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी याच परिसरात दुसऱ्या प्रकारची माणसे आली. घोडनदीच्या काठी शिरूरला इंग्रजांची मोठी छावणी पडली. (१८०९ मध्ये इथे मरण पावलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला पुढे गावकऱ्यांनी ‘सत्पुरुष’ मानले, तो वेगळ्या थ्रेडचा विषय आहे.) ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आठच्या सुमारास याच छावणीतून कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी पुण्याच्या दिशेने निघाली. रात्रभर चालून ती दुसऱ्या दिवशी सकाळी भीमेकाठच्या कोरेगावाजवळ पोहोचली. अंतर सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा थोडेसेच कमी, आणि तेही शस्त्रे व तोफा घेऊन. त्यानंतर दिवसभर लढाई. या लढाईवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि लिहिले जाईल. इथे मुद्दा एवढाच की, मृत, जखमी आणि बेपत्ता यांचे आकडे लष्करी कागदांत काटेकोरपणे उतरले. रात्रभराच्या चालीने सुजलेला पाय हा त्यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नव्हता.

छावणीने लांब पल्ल्याचे गणितच बदलले. जासुदाला जोडीदार होता, हरकाऱ्याला टप्पा होता, वारकऱ्याला विसावा होता. पलटणीत सर्वांनी एकाच दिवशी, एकाच वेगाने, एकच अंतर कापायचे. जो मागे पडेल तो आजारी असेल किंवा कामचुकार. तिसरी शक्यता नाही. कालपर्यंत शेतात काम करणारा पोरगा आज पलटणीत भरती झाला आणि उद्यापासून सगळ्यांबरोबर चालू लागला.

नेमक्या याच ठिकाणी, पण हजारो मैल दूर, या दुखण्याला पहिल्यांदा नाव मिळाले. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्याने एक निरीक्षण प्रसिद्ध केले. लांबच्या कवायतीनंतर तरुण सैनिकांचे पाऊल सुजते, दुखते आणि त्यांना चालवत नाही, असे त्याच्या ध्यानात आले होते. मार लागलेला नाही, पडलेला नाही, तरी पाय निकामी. त्याने ते स्नायुबंधांच्या आवरणाची सूज म्हणून नोंदवले. कारण चुकले होते, पण निरीक्षण बरोबर होते. १८९५ च्या अखेरीस राँटगेनने क्ष-किरण शोधले. दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, श्टेखोव या दुसऱ्या जर्मन लष्करी वैद्याने अशाच पायांची छायाचित्रे काढली आणि तेथे पावलाची हाडे चिरलेली आढळली. पुढे या दुखण्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव पडले. सूज खोटी नव्हती, सैनिक ढोंगी नव्हता, हे यंत्राने सिद्ध केले. माणसाच्या सांगण्यावरून ते चाळीस वर्षांत सिद्ध झाले नव्हते.

याच काळातला आणखी एक माणूस इथे आवश्यक आहे. बर्लिनच्या युलियस वोल्फने १८९२ मध्ये मांडले की, हाड ही निर्जीव काठी नव्हे. तिच्यावर जसा भार पडतो, तशी ती स्वतःला घडवत जाते. हे ऐकून धावणाऱ्याला हुरूप येतो : म्हणजे धावत राहिले की हाड मजबूत होणार! होते, पण क्रम उलटा आहे. नवा भार आला की शरीर आधी जुने हाड पोखरते आणि मग त्या जागी नवे भरते. पोखरण्याचे काम झटपट होते, भरण्याचे काम संथपणे चालते. जुने घर दुरुस्त करताना आधी भिंत पाडावी लागते, तसे. म्हणून अंतर एकदम वाढवल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असण्याचा संभव असतो. नेमके त्याच सुमारास दम वाढलेला असतो, वेळ सुधारलेली असते, आणि धावणाऱ्याला वाटते की आता कुठे जमू लागले. छाती पुढे गेलेली असते आणि नडगी मागे राहिलेली असते. नवशिक्या सैनिकांचे पाय पहिल्या काही आठवड्यांतच का जात, याचे उत्तर यात आहे.

धावण्याची आधुनिक शर्यत महाराष्ट्रात आली ती मात्र छावणीतून नव्हे, जिमखान्यातून. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. पहिल्या महायुद्धानंतर सर दोराबजी टाटा तिथल्या क्रीडास्पर्धांना उपस्थित राहिले. त्यांनी पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पाठवलेल्या पत्रात या अनुभवाचे वर्णन आहे. धावणारी मुले शेतकरी वर्गातली, साधे अन्न खाणारी, अनवाणी, आधुनिक प्रशिक्षणाची गंधवार्ता नसलेली, मैदान ओबडधोबड, तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळपास. टाटांनी त्यांतल्या काही जणांना अँटवर्पला पाठवण्याची कल्पना मांडली, आणि त्यातून १९२० चा भारतीय चमू उभा राहिला.

त्या चमूत बेळगावचा फडेप्पा चौगुले होता. इंग्लंडमध्ये काही आठवडे इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव करून तो २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये उतरला. त्या वर्षी अंतर ४२.७५ किलोमीटर होते, ऑलिंपिकच्या इतिहासातले सर्वांत लांब. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत जिंकला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावा आला. त्याच शर्यतीत उतरलेला सदाशिव दातार शर्यत पूर्ण करू शकला नाही. सुमारे पन्नास जण धावले, पस्तिसांनी शर्यत पूर्ण केली.

चौगुलेचा एकोणिसावा क्रमांक आज अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगितलाच पाहिजे. मात्र टाटांच्या पत्रातली एक दृष्टी पुढे शंभर वर्षे टिकली, तीही पाहिली पाहिजे. गावाकडचा मुलगा काटक असतो, त्याला सोसण्याची सवय असते, त्याला फक्त चांगले खाणे आणि चांगला प्रशिक्षक मिळाला की झाले. यातले पहिले दोन शब्द कौतुकाचे आहेत, आणि तेच सर्वांत घातक ठरले. काटक माणसाला दुखते, असे कोणी गृहीत धरत नाही. तो स्वतःही धरत नाही.

अनवाणी धावण्याचे आकर्षणही असेच. १९६० मध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला रोमच्या रस्त्यांवर अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. छायाचित्र जगभर गेले. त्यामागची हकीकत अशी सांगितली जाते की, नव्या बुटांनी त्याच्या पायाला फोड येत होते, म्हणून त्याने ते काढून ठेवले. म्हणजे ज्याला जग निसर्गाचा विजय समजले, तो प्रत्यक्षात एका किरकोळ दुखापतीवरचा व्यवहारी तोडगा होता. आपल्याकडे शिवनाथ सिंग हा पायाला चिकटपट्ट्या लावून अनवाणी धावणारा सैनिक १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अकरावा आला आणि १९७८ मध्ये जालंधरला त्याने नोंदवलेली २ तास १२ मिनिटांची वेळ आजही आदराने उच्चारली जाते. बिकिलाच्या पायांखाली लहानपणापासूनची मऊ-कठीण जमीन होती. बूट घालून वाढलेल्या मुलाने भरतीच्या दोन महिने आधी एकदम बूट काढले, तर त्याच्या पोटऱ्या आणि पावलांची हाडे त्या छायाचित्राला मान देत नाहीत.

आता या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण. ते अमेरिकेतले आहे, पण नडगी धरून बसलेल्या प्रत्येकाने ते वाचावे.

१९८४. लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन पहिल्यांदाच होणार होती. तोवर स्त्रियांना हे अंतर झेपत नाही, असे मानले जाई. अमेरिकेची जोन बेनॉइट प्रमुख दावेदार होती. १२ मे रोजी निवड शर्यत. पहिल्या तिघींनाच तिकीट. पूर्वीचा पराक्रम कोणी विचारणार नव्हते. मार्चमध्ये एका लांब सरावात तिचा उजवा गुडघा आखडला आणि तिला चक्क थांबावे लागले. औषधाचे इंजेक्शन घेतले, विश्रांती घेतली, बरे वाटले, पुन्हा धावली, पुन्हा गुडघा अडला. हा फेरा किती ओळखीचा आहे! शेवटी २५ एप्रिलला, शर्यतीला अवघे सतरा दिवस असताना, दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. गुडघ्यातली घासणारी पट्टी काढण्यात आली.

त्यानंतर तिने काय केले, हे महत्त्वाचे. पाय वापरता येत नव्हता, तर तिने हातांनी फिरवायची सायकल चालवली, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांचा सराव थांबू नये. मग घाई केली. दुखऱ्या गुडघ्याला सांभाळत धावताना दुसऱ्या पायाच्या मांडीचा मागचा स्नायू धरला. एक पाय वाचवताना दुसरा जातो, हे प्रत्येक लंगडणाऱ्या धावपटूचे पुराण आहे. स्नायूवर दिवसेंदिवस उपचार घेतले आणि १२ मे रोजी ती २ तास ३१ मिनिटांत पहिली आली. ५ ऑगस्टला लॉस एंजेलिसला २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत सुवर्णपदक.

ही कथा बहुधा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. पण कागदावर मांडली तर तीत दिसतात : तातडीने मिळालेला शल्यवैद्य, दुर्बीण, हातसायकल, उपचार करणारे लोक, आणि ‘आज धावू नकोस’ म्हणणाऱ्याला अधिकार असलेली व्यवस्था. यांतले एक जरी वजा केले, तरी नुसत्या जिद्दीने ती बहुधा निवड शर्यतीच्या आरंभरेषेपर्यंतही गेली नसती.

तोवर जगभर दुखापतीचा एक मंत्र रुळला होता : विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच. १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने तो लोकप्रिय केला. गंमत अशी की, साडेतीन दशकांनंतर मर्किनने स्वतःच लिहिले की, सतत बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येणे लांबू शकते. आज भर आहे तो दुखणे वाढणार नाही इतक्या बेताच्या हालचालीवर. आपल्या आजीची पद्धत, आंबेहळद उगाळून लेप लावायचा आणि पाय ‘हलता ठेवायचा’, या वादात अगदीच हरत नाही. मात्र हाडाला चीर असताना हाडवैद्याकडून जोराने चोळून घेणे हा उपाय नव्हे. ती चीर चोळण्याने बुजत नाही.

आता पुन्हा घराजवळ येऊ. शिरूरहून अहिल्यानगर ओलांडून पुढे गेले, की बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका लागतो. तिथल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटर अंतर कापत असे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. धावणे त्याला तिथे सापडले. तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत ही पायांची कसोटी पाहणारी : २८ वेळा अडथळा, ७ वेळा पाण्यातली उडी, आणि प्रत्येक उडीनंतर सारा भार एका घोट्यावर. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीने त्याची जकार्ता आशियाई स्पर्धेची संधी गेली. तेव्हा तो चोविशीही न गाठलेला, फारसा कोणाला माहीत नसलेला धावपटू होता. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोउला आशियाई सुवर्ण, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंद.

ऑगस्टात स्पर्धा हुकली आणि सप्टेंबरात विक्रम झाला, या दोन वाक्यांमधली जागा पाहण्यासारखी आहे. घोटा दुखला तेव्हा साबळेची नोकरी गेली नाही. पगार चालू होता, लष्करी डॉक्टर होते, प्रशिक्षक होते. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत त्याच्या गुडघ्याचा बंध तुटला आणि शस्त्रक्रियेची वेळ आली, तेव्हाही हेच. जो धावपटू सेवेत आहे, त्याला बरे होण्यासाठी वेळ मिळतो. लांब पल्ल्याच्या किरकोळ दुखापतीचा इतिहास हा मोठ्या प्रमाणावर, विसावा कोणाला परवडतो, याचा इतिहास आहे.

आणि म्हणूनच दौंड.

दौंड हे रेल्वेचे जंक्शन म्हणून वाढलेले गाव. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा इथून निघाला. पण भरतीच्या मुलांच्या जगात दौंड म्हणजे राज्य राखीव पोलीस बल. १९५१ च्या कायद्याने चालणाऱ्या या बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ इथे आहेत आणि शेजारी नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. जिल्हा पोलीस शिपायाच्या शारीरिक चाचणीत आज पुरुषांना १६०० मीटर आणि स्त्रियांना ८०० मीटर धावावे लागते. पूर्वी पुरुषांना ५ किलोमीटर होते. जून २०१४ मध्ये मुंबईतल्या भरतीत उन्हाउकाड्यात ५ किलोमीटर धावताना काही उमेदवार कोसळून मरण पावले, राज्यभर संताप झाला आणि नंतर अंतर कमी करण्यात आले. राखीव बलात मात्र ५ किलोमीटर कायम आहे. शंभरांपैकी पन्नास गुण एकट्या या धावेला. १०० मीटर आणि गोळाफेक यांना पंचवीस-पंचवीस. ४०० मीटरच्या मैदानावर साडेबारा फेऱ्या. खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा २५ वर्षे.

चोवीस वर्षांच्या मुलाच्या बाजूने हे गणित मांडून पाहावे. जाहिरात निघेपर्यंत भरती कधी होणार, ते ठाऊक नाही. जाहिरात निघाली की ‘ग्राउंड’च्या तारखेपर्यंत थोडे आठवडे. तो त्या दिवसापासून अंतर दुप्पट करतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, वोल्फच्या हिशेबाने अगदी वेळेवर, नडगी बोलू लागते. आता थांबावे तर दम जाईल ही भीती, आणि ही संधी गेली तर पुढच्या भरतीपर्यंत वय उलटेल ही दुसरी. तो क्रेप बँडेज गुंडाळतो, फवारा मारतो, गोळी घेतो आणि धावतो. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच्यापुढे ठेवलेल्या पर्यायांत तो शहाणपणानेच निवडतो आहे. चूक पर्यायांत आहे.

त्यातली एक भीती तरी निराधार आहे, आणि ती दूर करणे कोणाच्याही हातात आहे. दहा-बारा दिवस न धावल्याने दम फारसा घटत नाही. त्यातही हृदयाला काम देत राहिले तर घट आणखी कमी. हातसायकल नसली तरी साधी सायकल प्रत्येक वाडीवर आहे. पोहता येणाऱ्याला, सोबत कोणी असताना, विहीर आहे. पट्ट्यातले दुखणे असेल तर धावणे काही दिवस बंद, मग चालणे, मग मुरमाच्या किंवा शेताच्या मऊ वाटेवर चालणे-धावणे आलटून पालटून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी दाबून पाहणे. कालच्यापेक्षा जास्त दुखले तर एक पाऊल मागे. पोटऱ्या बळकट करण्यासाठी पायरीवर उभे राहून टाचा वर-खाली करणे, हा व्यायाम फुकट आहे. मुख्य म्हणजे जाहिरातीची वाट न पाहता वर्षभर थोडे थोडे धावत राहणे, कारण हाडाला पोखरून पुन्हा भरण्यासाठी महिने लागतात.

एका ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, तर मात्र हा प्रकार सायकलीचा नाही. तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढावा. इथे श्टेखोवच्या यंत्राची एक मर्यादा माहीत असलेली बरी : सूक्ष्म चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पुष्कळदा फिल्मवर उमटतच नाही, भरून येणारे नवे हाड दिसू लागते तेव्हा ती कळते. पहिला एक्स-रे स्वच्छ आला आणि दुखणे तसेच राहिले, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा काढून घ्यावा लागतो, आणि तोवर धावायचे नसते.